'मामा' नक्की कोणाचा?

सहा-सात महिन्यांचं बाळ 'मममम' करू लागलं की घरात तीन दावेदार उभे राहतात. आई म्हणते, मला हाक मारली. आजी म्हणते, काही नाही, भूक लागलीय, मम्मं मागतोय. आणि भाच्याला बघायला आलेला मामा तर तेवढ्यावरच विरघळतो. बाळाच्या मनात यांपैकी कोणीही नसतं.

हेच बाळ जॉर्जियात जन्मलं असतं, तर बापानं कॉलर ताठ केली असती. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि आई म्हणजे 'देदा'. तिबिलिसीच्या टेकडीवर उभ्या असलेल्या मातेच्या भव्य पुतळ्याचं नावच 'कार्तलिस देदा'. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जारा भाषेतही मामा म्हणजे बापच. स्वाहिलीत आणि अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत मात्र आई. तुर्कीत 'मामा' हा बाळाचा खाऊ, म्हणजे आपल्या मम्मंची सख्खी बहीणच! लॅटिनमध्ये 'मम्मा' म्हणजे स्तन. त्यावरूनच निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसनं 1758 मध्ये सस्तन प्राण्यांच्या वर्गाला 'मॅमेलिया' हे नाव दिलं.

एकच आवाज सगळीकडे कसा? रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञानं 1959 मध्ये याचं उत्तर मांडलं. दूध पिताना बाळाचं तोंड बंद असतं, त्यामुळे आवाज निघाला तर तो नाकातूनच निघणार. हा गुणगुणाट पुढे दूध दिसताच, मग नुसती भूक लागली तरी येऊ लागतो. मिटलेले ओठ उघडले की त्याला 'आ' जोडला जातो आणि 'मा' तयार होतो. याकोब्सनच्या हाताशी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉकनं जगभरातून जमवलेले आई-बापांसाठीचे 1,072 शब्द होते. आईसाठीच्या शब्दांपैकी 55 टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिकं होती. बापासाठीच्या शब्दांत अवघी 15 टक्के. आपली 'आई' अर्थातच अल्पमतातली.

म्हणून दोन भाषांचं नातं शोधणारे अभ्यासक 'मामा-पापा' पुराव्यात धरत नाहीत. ते शब्द एकीनं दुसरीकडून घेतलेले असतीलच असं नाही. प्रत्येक पाळण्यात ते नव्यानं घडू शकतात. आवाज बाळाचा, अर्थ मोठ्यांनी चिकटवलेला.

तो चिकटवताना आपण मराठी माणसांनी जरा जास्तच हात सैल सोडला. आईचा भाऊ मामा, चंद्र मामा, शाळेतले शिपाई मामा, चौकातला वाहतूक पोलीसही मामा. कोणाला फसवलं तर त्याचा 'मामा केला'. पण सगळ्यांत बोलका अर्थ सासरचा. जुन्या घरांत सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणे. तमिळ-तेलुगूतही आईचा भाऊ आणि सासरा या दोघांना 'मामा' चालतं, कारण आते-मामे भावंडांत लग्नं होत आली. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांची मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवला. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा नाही. म्हणजे मुलगी सासरी जाते ती आत्याच्याच घरी. पुढे सासर परक्यांचं झालं, तरी दारातल्या अनोळखी बाईला नवी नवरी 'आत्याबाई' म्हणतच राहिली.