अष्टपैलू तरुण खेळाडूचे मूल्यमापन : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील चाहत्यांच्या दृष्टीचा विचार

प्रस्तावना :

कोणत्याही संघक्रीडेत खेळाडूचे मूल्यमापन दोन पातळ्यांवर होत असते. एक मूल्यमापन प्रशिक्षक आणि निवड समिती करते. त्याचे निर्णय बंद दाराआड होतात. दुसरे मूल्यमापन चाहते करतात, तेही उघडपणे, मोठ्या आवाजात आणि बहुधा तातडीने. हे दुसरे मूल्यमापन अभ्यासकांनी सहसा गंभीरपणे घेतलेले नाही. भावनेच्या भरात दिलेला कौल म्हणून ते बाजूला ठेवले जाते. वस्तुतः वर्षानुवर्षे एकच खेळ पाहणाऱ्या समुदायाजवळ निरीक्षणाचे मोठे भांडार असते आणि त्याच्या निर्णयांना स्वतःचे तर्कशास्त्रही असते. ते तर्कशास्त्र कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसते, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील अष्टपैलू तरुण खेळाडू हे एक चांगले उदाहरण आहे. जो मुलगा मैदानावर कोठेही खेळू शकतो, त्याचे मोजमाप कोणत्या मापाने करावयाचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप आणि ‘जागे’ची कल्पना :

हा खेळ मेलबर्नमध्ये जन्मास आला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्त होऊ नये म्हणून त्यांनी फुटबॉल खेळावा, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये केली आणि पुढील वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, मेलबर्न फुटबॉल क्लबने पहिले लेखी नियम तयार केले. क्रिकेटच्या मैदानावरच खेळावयाचे असल्याने या खेळाला लंबवर्तुळाकार मैदान मिळाले, ते आजतागायत कायम आहे. नियमानुसार मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर असू शकते. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू एका वेळी मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू किकने पार केल्यास सहा गुण आणि बाजूच्या खांबांतून गेल्यास एक गुण मिळतो. किमान १५ मीटर अंतरावरून किकने आलेला चेंडू हवेतच झेलला तर तो ‘मार्क’ ठरतो आणि झेलणाऱ्याला अडथळ्यावाचून पुढची किक मारता येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या खेळात ऑफसाइडचा नियम नाही. परंपरेने बचाव, अर्धबचाव, मध्य, अर्धआक्रमण आणि आक्रमण अशा पाच ओळींत तीन-तीन खेळाडू आणि चेंडूमागे सर्वत्र धावणारे तीन खेळाडू, अशी अठरांची विभागणी होते. परंतु खेळ सुरू झाल्यावर कोणी कोठे जावे यावर फारसे बंधन उरत नाही. चेंडू पंचाने वर टाकला असता उंच उडी मारून तो सहकाऱ्याकडे ढकलणारा उंचापुरा ‘रक’, गोलासमोर उभा राहून मार्क घेणारा आक्रमक, त्याला रोखणारा बचावपटू, गर्दीतून चेंडू उचलणारा मध्यरक्षक ही कामे एकमेकांहून इतकी वेगळी आहेत की, त्यांसाठी लागणारी शरीरयष्टीही वेगळी असते. दोन-तीन ओळींत सारख्याच सहजतेने वावरणारा खेळाडू म्हणूनच दुर्मीळ असतो.

मराठी क्रीडालेखनात ‘अष्टपैलू’ हा शब्द क्रिकेटमुळे रुळला. क्रिकेटमधील अष्टपैलुत्व मोजता येते. धावा एका रकान्यात, बळी दुसऱ्या रकान्यात. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील अष्टपैलुत्व जागेचे असते आणि जागा बदलली की मोजण्याचे मापच बदलते. बचावातील खेळाडूची कामगिरी प्रतिस्पर्ध्याने काय केले नाही यावरून ठरते; आक्रमकाची, त्याने काय केले यावरून. एकाच हंगामात दोन्ही कामे करणाऱ्या मुलाच्या नावापुढे दोन अर्धवट हिशेब उरतात. चाहत्यांचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

ड्राफ्ट आणि अपेक्षांचे ओझे :

चाहत्यांच्या घाईमागे खेळाची व्यवस्थाही कारणीभूत आहे. १८९७ पासून खेळल्या जाणाऱ्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असे नामांतर झाले. त्यापूर्वीच, १९८६ मध्ये, तरुण खेळाडूंच्या वाटपासाठी राष्ट्रीय ड्राफ्टची पद्धत सुरू झाली आणि १९८७ मध्ये क्लबांच्या वेतनखर्चावर मर्यादा आली. ड्राफ्टमध्ये तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. पैशाच्या बळावर तयार खेळाडू गोळा करण्याचा मार्ग अशा रीतीने अरुंद झाल्यामुळे पराभूत संघाची सारी आशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर येऊन ठेपते. त्या मुलाच्या नावामागे निवडीचा क्रमांक कायमचा चिकटतो. क्लबांच्या वर्गणीदार सदस्यांची एकूण संख्या २०१८ मध्ये दहा लाखांवर गेली. दरवर्षी वर्गणी भरणारा सदस्य हा केवळ प्रेक्षक नसतो. आपण कशाची वाट पाहत आहोत हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे असे त्याला वाटते, आणि त्यात गैर काही नाही.

जॅक वॉट्स : जागा न सापडलेला पहिला क्रमांक

२००८ च्या हंगामात मेलबर्न संघाने केवळ तीन सामने जिंकले आणि तो तळाला राहिला. त्या वर्षाच्या ड्राफ्टमध्ये क्लबने पहिल्या क्रमांकावर जॅक वॉट्स या उंच आणि चपळ आक्रमकाची निवड केली. दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टने निक नाइटनुई याला घेतले. वॉट्सचे पदार्पण ८ जून २००९ रोजी, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या दिवशी, कॉलिंगवूडविरुद्ध मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाले. तो त्या वेळी शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. पहिल्या काही क्षणांतच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला घेरून धक्काबुक्की केली. ते दृश्य लोकांच्या मनात राहिले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याविषयीची प्रत्येक चर्चा तेथूनच सुरू होत असे.

त्यानंतर वॉट्स आक्रमणात खेळला, अर्धबचावात खेळला, मध्यभागी आणि बाजूच्या विंगवरही खेळला. त्याची किक सुबक होती आणि मैदान वाचण्याची समज चांगली होती. म्हणूनच प्रत्येक प्रशिक्षकाला तो आपल्या गरजेच्या जागी बसेल असे वाटले. हे प्रशिक्षक तरी किती? डीन बेली, हंगामी म्हणून टॉड वायनी, मार्क नील्ड, पुन्हा हंगामी नील क्रेग, पॉल रूस आणि सायमन गुडविन. नऊ हंगामांत सहा. जुलै २०११ मध्ये जिलाँगकडून १८६ गुणांनी पराभव झाल्यावर बेली यांना दुसऱ्याच दिवशी दूर करण्यात आले, यावरून क्लबच्या अवस्थेची कल्पना यावी. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला एका जागी तीन हंगाम स्थिर राहू देण्याइतकी उसंत कोणाजवळच नव्हती.

चाहत्यांचे मत दोन बाजूंना विभागले गेले. एका पक्षाचे म्हणणे, हा अंग चोरून खेळतो, पहिल्या क्रमांकाला शोभेल असा नाही. दुसऱ्याचे म्हणणे, त्याला नीट घडविलेच नाही. पहिल्या पक्षाचा दोष असा की, त्याने वॉट्सची तुलना वॉट्सशी कधीच केली नाही. ती नाइटनुईच्या झेपेशी आणि क्रमांकाच्या कल्पित किमतीशी केली. दुसरा पक्ष सत्याच्या अधिक जवळ होता. परंतु सर्व दोष परिस्थितीवर घालताना खेळाडूच्या स्वतःच्या मर्यादा त्याने नजरेआड केल्या. मेलबर्नसाठी १५३ सामने खेळलेल्या माणसाला ‘वाया गेलेला’ म्हणणे हे तर भाषेचेही अपयश होय. जून २०१७ मध्ये त्याच सुट्टीच्या सामन्यात, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत वॉट्सने केलेल्या गोलामुळे मेलबर्न जिंकले. त्या हंगामाच्या अखेरीस क्लबने त्याला पोर्ट अ‍ॅडलेडकडे पाठविले. २०२० मध्ये तो निवृत्त झाला.

अ‍ॅडम गुड्स : त्रेचाळिसाव्या क्रमांकाची मोकळीक

याच्या उलट उदाहरण अ‍ॅडम गुड्सचे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये जन्मलेल्या, अद्न्यामथन्हा आणि नरुंगा या आदिवासी समाजांशी नाते सांगणाऱ्या या मुलाला सिडनी स्वान्सने १९९७ च्या ड्राफ्टमध्ये ४३ व्या क्रमांकावर घेतले. लहानपणी तो सॉकर खेळत असे. १९९८ चा संपूर्ण हंगाम त्याने दुय्यम संघात काढला. त्या वर्षी त्याच्याविषयी कोणी फारशी चिंता केली नाही, कारण बेचाळीस नावे त्याच्या आधी घेतली गेली होती. १९९९ मध्ये पदार्पण होताच उदयोन्मुख खेळाडूसाठीचा रायझिंग स्टार पुरस्कार त्याला मिळाला.

त्याची उंची रकला शोभणारी होती आणि धाव मध्यरक्षकाची होती. साहजिकच त्याचाही वापर अनेक जागी झाला. प्रारंभी आक्रमणात, पुढे रक म्हणून, नंतर मध्यभागी आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात पुन्हा आक्रमणात. परंतु प्रशिक्षकपदावर स्थैर्य होते. रॉडनी ईड यांच्याकडून २००२ मध्ये पॉल रूस यांच्याकडे सूत्रे आली आणि २०१० पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. २००३ मध्ये नेथन बकली आणि मार्क रिचुटो यांच्यासमवेत आणि २००६ मध्ये एकट्याने, अशी दोनदा गुड्सने ब्राउनलो पदके मिळविली. पंचांच्या मतांवर ठरणारे हे पदक बहुधा मध्यरक्षकांच्याच वाट्याला येते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे वेगळेपण कळते. २००५ आणि २०१२ च्या विजेत्या संघांत तो होता. एकूण ३७२ सामने खेळला.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. गुड्सच्या ऐन भरातील प्रशिक्षक पॉल रूस हेच २०१४ ते २०१६ या काळात वॉट्सचेही प्रशिक्षक होते. तोपर्यंत वॉट्सचे पाच हंगाम होऊन गेले होते. तोच शिक्षक विद्यार्थ्याला कोणत्या इयत्तेत भेटतो, यालाही महत्त्व असते. अध्यापन करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

गुड्सच्या बाबतीत चाहत्यांच्या मूल्यमापनाची काळी बाजूही दिसली. मे २०१३ मध्ये त्याच्यावर प्रेक्षकांतून वांशिक शेरा मारला गेला आणि त्याने तो उघडपणे दाखवून दिला. २०१४ मध्ये त्याची ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ म्हणून निवड झाली. २०१५ च्या हंगामात मात्र मैदानामागून मैदानावर त्याची हुर्यो उडविण्यात आली. ती खेळासाठी होती असा युक्तिवाद अनेकांनी केला, तो टिकणारा नव्हता. त्या हंगामाअखेर तो निवृत्त झाला. २०१९ मध्ये लीगने आणि अठराही क्लबांनी आपण वेळीच उभे राहिलो नाही याबद्दल क्षमा मागितली. चाहत्यांचा कौल नेहमी खेळाविषयीच असतो असे गृहीत धरून चालत नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

आकडे आणि डोळे :

आज प्रत्येक सामन्यानंतर किक, हाताच्या ठोशाने दिलेले चेंडू, मार्क, टॅकल यांची तपशीलवार आकडेवारी उपलब्ध होते. या आकड्यांचा कल चेंडूजवळ राहणाऱ्याकडे असतो. बचावातून आक्रमणात हलविलेल्या मुलाची चेंडूसंख्या घटली तर ती अधोगती समजली जाते; प्रत्यक्षात त्या जागी चेंडूच कमी येतो. शिवाय उंच खेळाडूंना शरीर भरण्यास आणि झुंजीत टिकण्यास अधिक वर्षे लागतात, हे सर्व जाणकार मान्य करतात. मात्र स्वतःच्या संघातील उंच मुलाविषयी बोलताना ही मान्यता विसरली जाते. अष्टपैलू मुलाची आणखी एक अडचण आहे. दुसरा कोणी जखमी झाला की रिकामी जागा भरण्यासाठी पहिल्याने त्यालाच हलवितात. ज्याला एकच काम येते, तो आपल्या जागी टिकतो आणि त्या कामात पक्का होतो. लवचीकपणाचा दंड असा लवचीक खेळाडूलाच भरावा लागतो.

यावर उपाय म्हणून आकडे टाकून द्यावेत असे नव्हे. परंतु मैदानावर जाऊन पाहणाऱ्या चाहत्याजवळ एक साधन असे आहे की, जे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नसते. पडदा चेंडूच्या मागे धावतो. प्रेक्षागृहात बसलेला माणूस चेंडूपासून ८० मीटरवर काय चालले आहे, हेही पाहू शकतो. प्रतिस्पर्ध्याची वाट अडविण्यासाठी घेतलेली धाव, सहकाऱ्यासाठी मोकळी केलेली जागा, चूक झाल्यावर पुढच्या वेळी बदललेला पवित्रा या गोष्टी तेथूनच दिसतात. तरुण खेळाडूची वाढ मुख्यतः याच गोष्टींत होत असते.

मार्क ब्लिकाव्ह्‌सचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९८ सेंटीमीटर उंचीचा हा स्टीपलचेस धावपटू जिलाँग क्लबने नवशिक्यांच्या यादीतून घेतला. २०१३ मध्ये त्याचे पदार्पण झाले, तेव्हा त्याची किक ओबडधोबड होती आणि आकड्यांत दाखविण्याजोगे थोडेच होते; दमछाक न होता धावत राहणे हे मात्र दिसत होते. तो रक झाला, विंगवर धावला, मग मध्यबचावात उभा राहिला. क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला २०१५ मध्ये मिळाला आणि पुन्हा २०१८ मध्ये, तोपर्यंत तो वेगळ्याच जागी खेळू लागला होता. २०२२ च्या विजेत्या संघातही तो होता. त्याची खरी जागा कोणती, याविषयी जिलाँगच्या चाहत्यांत तेव्हाही एकमत नव्हते.