मंदी आणि तरुण स्त्री-पुरुषांचे आरोग्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार सलग काही काळ घटत जाण्याच्या अवस्थेला अर्थशास्त्रात मंदी म्हणतात. तिचा आरोग्याशी असलेला संबंध वाटतो तितका सरळ नसल्यामुळे त्याविषयी काही ठोकळेबाज समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज १ : देशाचा विकासदर चांगला असेल, तर मंदीची झळ बसत नाही.

वस्तुस्थिती : विकासदर ही सरासरी असते आणि सरासरीत एखादी वस्ती दिसेनाशी होते. ग्वाल्हेरच्या हजीरा-बिर्लानगर भागाचे जीवन १९२१ मध्ये स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या 'जेसी मिल'भोवती, उभे राहिले. १९९०च्या दशकात ही गिरणी बंद पडली आणि कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न रेंगाळत राहिला. १९९४-९५ ते १९९६-९७ या आर्थिक वर्षांत देशाचे उत्पन्न मात्र वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होते. आरोग्यावर परिणाम होतो तो घरात येणारा पगार थांबल्याने, आणि राष्ट्रीय आकडेवारी त्याची नोंद घेतेच असे नाही.

गैरसमज २ : मंदीत मृत्यूंचे प्रमाण वाढतेच.

वस्तुस्थिती : अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत सरासरी आयुर्मान घटले नाही, उलट वाढले; अर्थतज्ज्ञ क्रिस्टोफर रूम यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही बेकारी वाढलेल्या वर्षांत एकूण मृत्युदर उतरल्याचे आढळले. याचे एक कारण म्हणजे अशा काळात वाहतूक आणि तिच्याबरोबर अपघात कमी होतात. मात्र आत्महत्या याला अपवाद ठरल्या, आणि ज्यांची नोकरी प्रत्यक्ष गेली त्यांच्या मृत्यूचा धोका वाढल्याचे इतर अभ्यासांतून दिसले. शिवाय गरीब देशांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही : अर्थतज्ज्ञ सोनिया भालोत्रा यांच्या अभ्यासानुसार ग्रामीण भारतात उत्पन्न घटलेल्या काळात बालमृत्यू वाढतात.

गैरसमज ३ : तरुण काटक असतात, काम मिळाले की सावरतात.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रियातील मारिएन्थाल गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारांचा अभ्यास करून १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. मजुरीबरोबर दिवसाची घडी, सोबत्यांचा सहवास आणि समाजातील स्थान हेही हरवते, आणि रिकामा वेळ हाती असूनही माणसाचा उत्साह मावळतो, असे त्यांना आढळले. ऐन मंदीत पहिली नोकरी शोधणाऱ्यांचे नुकसान तर दीर्घकाळ टिकते. अमेरिकेतील अशा पिढ्यांमध्ये मध्यमवयात मृत्युदर अधिक असल्याचे दिसून आले आहे.

गैरसमज ४ : हा मुख्यतः पुरुषांचा प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : बेकार पुरुषाचे दुःख चारचौघांत दिसते, स्त्रीचे घरात मुरते. उत्पन्न आटल्यावर स्त्रिया मिळेल ते कमी मजुरीचे काम पत्करतात, घरकाम मात्र कमी होत नाही, आणि काटकसर सुरू होते ती बहुधा त्यांच्याच ताटापासून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय आढळला. म्हणजे मंदी येण्यापूर्वीच स्त्रीच्या शरीरातली शिल्लक कमी असते.

गैरसमज ५ : हे परिणाम अटळ आहेत.

वस्तुस्थिती : १९९०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये बेकारी झपाट्याने वाढली, तरी आत्महत्यांचे प्रमाण वाढले नाही; बेकारांना प्रशिक्षण देऊन पुन्हा कामाशी जोडणाऱ्या योजनांना संशोधक याचे श्रेय देतात. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेतील उपचारांचा हक्क नोकरीशी बांधलेला असतो, म्हणून नोकरीबरोबर दवाखानाही सुटण्याचा धोका राहतो. कारखाना बंद पडून बेकार झालेल्या विमाधारकांना भत्ता आणि उपचार देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ रोजी लागू झाली, पण जेसी मिलच्या कामगारांसाठी ती फार उशिरा आली. मानसिक ताणासाठी 'टेली-मानस'ची १४४१६ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. परंतु समुपदेशन पगाराची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे थकीत देणी वेळेवर चुकती करणे हादेखील आरोग्यरक्षणाचाच उपाय ठरतो.