सरड्यांची वाटणी

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. पुस्तकांनी मात्र त्याला थेट इराणपासून आग्नेय आशियापर्यंत पळवलं. कुंपणावर बसून जोर काढणारा, विणीच्या हंगामात डोकं-गळा लालभडक करून मिरवणारा आपला नेहमीचा सरडा. शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर. एवढ्या टापूत ओसाड माळ आले, दमट जंगलं आली, तरी नाव एकच. शंका यायलाच हवी होती.

पण वाटणी करायची तर मूळ नाव कुणाकडे राहणार, हे आधी ठरवावं लागतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ साली ज्या नमुन्यावरून या सरड्याचं वर्णन केलं, तो केव्हाच हरवला. म्हणून २०१६ मध्ये गौरांग गोवंडे, अनुराग मिश्रा आणि झीशान मिर्झा यांनी पुदुच्चेरीचा एक सरडा त्याच्या जागी अधिकृत नमुना म्हणून नेमला. काम वरवर कारकुनी वाटतं. माझ्या मते सगळा खटला इथेच उभा राहिला, कारण आता इतर सरडे कुणाशी ताडून पाहायचे ते ठरलं.

२०२१ मध्ये गोवंडे, सौनक पाल आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या सरड्यांचे डीएनए ताडून पाहिले आणि एका नावाखालचे वेगवेगळे वंश समोर आले. मूळ नाव पुदुच्चेरीवाल्याकडे राहिलं. बंगालकडच्या सरड्याला हार्लन यांनी १८२५ मध्ये दिलेलं, पुढे रद्दीत गेलेलं व्हल्टुओसस हे नाव परत मिळालं. पाकिस्तानातला फारुकी उपप्रजातीचा स्वतंत्र प्रजाती झाला. म्यानमारचा इरावाडी तर २००६ मध्येच वेगळा निघाला होता.

रंगावरून हे कळणं कठीणच. घटकाभरात रंग पालटणाऱ्याच्या कातडीवर विश्वास काय ठेवायचा? म्हणून खवले मोजायचे, कानाच्या पडद्याच्या वरच्या बाजूचे काट्यांचे दोन झुबके पाहायचे, आणि जोडीला जनुकं.

अशा अभ्यासांत बरेचदा वापरला जातो तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. त्यात बदल लवकर साठतात, म्हणून फाटाफूट पटकन दिसते. पण तो फक्त आईकडून येतो. शेजारच्या वंशातला नर येऊन विणीत सामील झाला, तर त्याचा पत्ता या डीएनएत लागत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातली जनुकं तपासावी लागतात. आणि नमुनेही जिथे दोन वंशांच्या हद्दी भिडतात, त्याच पट्ट्यातून गोळा करावे लागतात.