मोबाईल जात्याचा आवाज का खातो? मुळशीतल्या ओव्यांवर डॉक्युमेंटरी करताना

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये रोज येणाऱ्या अनेकांना आपण मुळशी तालुक्यात बसून कोड लिहितोय हे माहीत नसतं. इथून पौडच्या पुढे गेलं की डोंगरातल्या वाड्यांमध्ये अजून अशा आज्या भेटतात, ज्यांना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि दळताना गाणंही थांबलं. गेल्या वर्षी मी आणि एका मित्राने अशा दोन आज्यांवर छोटी डॉक्युमेंटरी करायचं ठरवलं. स्पॉन्सर नाही, क्रू नाही. दोन मोबाईल आणि शनिवार-रविवार, एवढंच बजेट.

कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, यावर यूट्यूबवर हजारो व्हिडिओ आहेत, त्यामुळे इथे ते सोडून देतो. लोकगायकांवरची फिल्म बिघडते ती आवाजामुळे. आमची तशीच बिघडली.

पहिल्या दिवशी दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना बसल्या, दीड तास गायल्या. आम्ही खूश. घरी येऊन हेडफोन लावला तर जात्याची घरघर जवळजवळ गायब, आणि ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर मध्येच विरघळल्यासारखा. जसं काही आजी पाण्याखालून गातायत.

असं का झालं? फोनचं आवाजाचं सॉफ्टवेअर मुळात बोलण्यासाठी बनवलेलं असतं. त्यातलं नॉइज सप्रेशन एक साधा अंदाज बांधतं: जो आवाज सतत एकसारखा येतो तो पंखा, एसी किंवा ट्रॅफिक, जो भराभर बदलतो ते बोलणं. जातं एकसारखं फिरतं, म्हणून फोनच्या लेखी जातं म्हणजे पंखा. तो ती फ्रिक्वेन्सी कापून टाकतो. लांबवलेला स्वरही थोडा वेळ स्थिर असतो, त्यामुळे तोही तासला जातो. वर ऑटो गेन असतोच. आजी दोन ओव्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबल्या की फोन आवाज वाढवतो, मग अंगणातली कोंबडीही मोठ्याने ऐकू येते, आणि पुढच्या ओवीचा पहिला शब्द फाटतो.

एआय टूलने हे नंतर दुरुस्त होईल असं बरेच जण सांगतात. होत नाही. कापलेला डेटा फाइलमध्ये नसतोच. टूल फार तर अंदाजाने काहीतरी भरतं, पण तो आजींचा आवाज नसतो. आम्ही पुन्हा रेकॉर्ड करू म्हणून निवांत होतो. पावसाळ्यात मुळशीत पत्र्यावर जो पाऊस वाजतो त्यात रेकॉर्डिंग अशक्य, म्हणून दिवाळीनंतरचं ठरवलं. दोघींपैकी मोठ्या आजी दिवाळीआधीच गेल्या. त्यांचं गाणं आमच्याकडे आहे ते त्या पाण्याखालच्या आवाजातच.

त्यामुळे पुढचं नीट वाचा आणि पहिल्या दिवसाआधीच करून ठेवा.

अँड्रॉइड ७ पासून 'अनप्रोसेस्ड' नावाचा ऑडिओ सोर्स आहे. सगळे फोन तो देत नाहीत, पण 'ओपन कॅमेरा' या मोफत अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये तो निवडून बघता येतो. चाचणी सोपी आहे. पंखा लावा, शेजारी बसून एक स्वर दहा सेकंद धरा, रेकॉर्डिंग ऐका. पंखा जसाच्या तसा ऐकू आला तर तुमचा फोन प्रामाणिक आहे. नाहीतर छोटा हँडी रेकॉर्डर भाड्याने घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फॉरमॅट, ऑटो गेन बंद. स्टिरिओमध्ये तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे साध्या कार्डातही भरपूर मावतं.

माइक कुठे ठेवायचा? कॉलर माइक मोहात पाडतो, पण दळताना पदर घासतो, बांगड्या वाजतात. आम्ही छोट्या स्टँडवर माइक ठेवला, तोंडापासून हातभर अंतरावर, जरासा वरून. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून कॅमेऱ्यावरचा माइक इथे कामाचा नाही. दुसरा माइक जमिनीजवळ, फक्त जात्यासाठी. दोन वेगळे ट्रॅक असले की एडिटिंगमध्ये शब्द आणि घरघर यांचं प्रमाण आपल्या हातात राहतं. आणि जातं बंद करून 'नुसतं गा' असं सांगू नका. आम्ही सांगून पाहिलं. दोन ओळींनंतर आजींना पुढचं आठवेना. हात फिरायला लागला तशी ओवी आली.

आवाज वेगळा रेकॉर्ड केला की तो चित्राशी जुळवावा लागतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, तिथे दोन्ही जुळवा. तरी अर्ध्या तासाने ओठ आणि शब्द सुटे पडले, तर दोष बहुतेक फोनच्या व्हेरिएबल फ्रेम रेटचा. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला कमी फ्रेम घेतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर काही वेळा वेग एकसारखा धरून चालतं. आधी 'हँडब्रेक'मधून कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये फाइल बदलून घ्या, मग डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत टाका.

आता नोंदींबद्दल. इथे आपल्याला शिकायला समोरच उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याच्या डोंगरी भागात काम करता करता बायकांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली, त्यात मुळशीतली गावंही होती. पुढे हा संग्रह एक हजारांहून जास्त गावांमधल्या एक लाखाहून जास्त ओव्यांपर्यंत गेला. बर्नार्ड बेल हे इंजिनिअर आणि संगीताचे अभ्यासक १९९० च्या दशकात सामील झाले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. सीडीच्या दर्जाने मोजलं तर हे सगळं ७६ जीबीच्या आसपास भरतं, आज एका पेनड्राइव्हवर मावेल. पण त्याची खरी किंमत प्रत्येक ओवीला गायिकेचं नाव, गाव आणि विषय जोडलेला आहे, यात आहे. म्हणूनच 'पारी' ही वेबसाइट २०१७ पासून त्या ओव्या प्रकाशित करू शकली आणि तिची माणसं गायिकांना पुन्हा शोधत गावात जाऊ शकली. तुमच्या फाइलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग १७' असेल, तर दहा वर्षांनी ते कुणाचं गाणं आहे हे तुम्हीही सांगू शकणार नाही.

ओवी परंपरेची, मग परवानगी कशाला, असं आमच्या मित्राने विचारलं होतं. ओवी परंपरेची असेल, पण ते गाणं त्या बाईचं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्याला परफॉर्मरचा हक्क ५० वर्षं असतो, आणि फिल्मचा व्यावसायिक वापर झाला तर तिचा रॉयल्टीवर हक्क आहे. संमती लेखी घ्या, मराठीत, घरच्यांसमोर वाचून दाखवून. तीच तोंडीही रेकॉर्ड करा.

आणि फिल्म गावात परत न्या. ह्यू ट्रेसी यांनी आफ्रिकाभर फिरून लोकसंगीत रेकॉर्ड केलं, १९५४ मध्ये त्याचं मोठं संग्रहालय उभं केलं. केनियातल्या किपसिगिस लोकांकडे १९५० मध्ये केलेली रेकॉर्डिंग्ज मात्र त्या माणसांपर्यंत परत जायला साठ-एक वर्षं लागली. आपल्याकडे एक मेमरी कार्ड पुरतं.

आम्ही फिल्म त्याच अंगणात, चादरीवर दाखवली. गेलेल्या आजींचा भाग आम्ही ठेवलाय, खाली लिहिलंय की आवाज आमच्या चुकीमुळे असा आहे. त्यांची सून तो भाग परत लावा म्हणाली. दुसऱ्या आजींनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "जातं लई बारीक वाजतंय रं." नवीन आवृत्तीत ते तीन डेसिबलने वाढवलंय.