माझाही पाय खाजतो

पाय कापल्यावर त्या नसलेल्या पायाची बोटं खाजतात, हे सांगायला माणूस लाजतो. आपलं डोकं तर फिरलं नाही ना, अशी भीती त्याला वाटते. मी फिजिओथेरपिस्ट. मेंदूत त्या पायाची खूण शिल्लक असते, हे मी अनेकांना समजावलंय. बिचारे मान डोलावतात. पण एकदा एका तरुण पोलीस शिपायाच्या खाटेशी निवृत्त हवालदार येऊन बसले. पँट वर करून त्यांनी स्वतःचा कृत्रिम पाय दाखवला आणि म्हणाले, "पोरा, माझाही खाजतो अजून. पावसाळी हवा झाली की जास्तच." तो पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला.

याला आता 'पीअर सपोर्ट' म्हणतात. पुण्याला ही गोष्ट नवी नाही. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचं, तर मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठीचं खडकीचं पुनर्वसन केंद्र १९७४ सालचं. सारख्याच दुखापतीची माणसं एकत्र राहिली की निम्मं शिक्षण आपोआप होतं. कमरेखाली संवेदना नसली की बसून बसून कातडी दबते, जखम होते, आणि कळतच नाही. म्हणून चाकाच्या खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलायचं असतं. आम्ही तसा तक्ता देतो. तो उशीखाली जातो! शेजारचा गडी मात्र गप्पा मारता मारता अंग उचलतो, ते बघून नवखा शिकतो. लघवीची नळी, संडासची वेळ, बायकोजवळ जाणं, हे प्रश्न तर डॉक्टरांपेक्षा त्यालाच आधी विचारले जातात.

मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. कारगिलमध्ये १९९९ साली पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग पुढे धावू लागले आणि २०११ मध्ये त्यांनी अवयव गमावलेल्यांचा 'द चॅलेंजिंग वन्स' हा गट उभा केला. मोठी माणसं! तरी पहिल्या महिन्यात पदकविजेत्यापेक्षा एकट्यानं मंडईत जाऊन भाजी आणणारा माणूस जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे. पदक दूर वाटतं, भाजी जवळची.

अर्थात प्रत्येक जखमी माणूस चांगला सोबती होतोच असं नाही. "माझ्यापुढे तुझं काय!" म्हणणारा नकोच. हुद्द्याचं अंतरही आड येतं. साहेबांपुढे शिपाई रडत नाही. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम. पण झोप उडाली, दारू वाढली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर ते पोटात न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

खरी अडचण पोलिसांची आणि अग्निशमन दलातल्यांची. जवानाला आजूबाजूला त्याच्यासारखे भेटतात. शिपाई मात्र रुग्णालयातून थेट घरी जातो. आठवडाभर सहकारी येतात, मग कुणी फिरकत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवकाकडे, भेटायला तयार असलेल्या जुन्या रुग्णांची यादी असावी. पाय काढायचा ठरला असेल आणि वेळ असेल, तर पहिली भेट शस्त्रक्रियेच्या आधीच घडवावी. आणि येणाऱ्यानं जमल्यास बायकोलाही सोबत आणावं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईलाही बरंच काही विचारायचं असतं.