एक हेक्टर दोन आर, की वीस?

अतिवृष्टीच्या अनुदानाची गावनिहाय यादी म्हणजे नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, आधार, खाते क्रमांक. २०२५च्या सप्टेंबरातल्या पुरानंतर बीड जिल्ह्यात असे पंचनामे गावोगावी झाले. यादी बहुधा एक्सेलमध्ये बनते, आणि नावाचा रकाना सोडला तर प्रत्येक रकान्यात काहीतरी वेगळंच दिसू शकतं.

गैरसमज : ##### आलं, म्हणजे फाइल बिघडली.
बहुतेक वेळा रकाना अरुंद असतो, एवढंच. वरच्या अक्षराच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक करा. तारखेच्या रकान्यात तरीही जाळी राहिली, तर वजाबाकी उलटी झालीय का ते पाहा.

गैरसमज : १.२० टाकलं, एक्सेलने १.२ केलं, क्षेत्र घटलं.
एक्सेलच्या लेखी दोन्ही एकच. फसतो तो वाचणारा. १०० आर म्हणजे १ हेक्टर, त्यामुळे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. नुसतं १.२ दिसलं की माणूस सरळ ‘एक हेक्टर दोन आर’ वाचतो आणि अठरा आर कागदावरून गायब! कंट्रोल आणि १ दाबा, ‘नंबर’ निवडा, दशांश दोन ठेवा.

एकर-गुंठ्यांना मात्र हा उपाय लागू नाही. ४० गुंठ्यांचा एकर. १.३० अधिक १.३० एक्सेल २.६० सांगेल, बांधावरचा कुणीही ३ एकर २० गुंठे सांगेल. एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत घ्या.

गैरसमज : दिसतंय चुकीचं, तरी मूळ आकडा आत असतोच, मागाहून ‘टेक्स्ट’ केलं की परत येतो.
हा सगळ्यांत महागात पडणारा. आधारचे १२ अंक ‘ई+११’ असे आखडून दिसतात, पण आत शाबूत असतात. ‘नंबर’ करून दशांश शून्य ठेवला की दिसतात. खाते क्रमांकाचं तसं नाही. एक्सेल १५च अंक जपतं. सोळावा अंक शून्य होतो, सुरुवातीचं शून्य गळतं, आणि एंटर दाबल्यावर ते कुठेच उरत नाही.

गट नंबर १२/३ टाका, १२ मार्च होतो. संगणक अमेरिकी सेटिंगवर असेल तर ३ डिसेंबर. घाबरून ‘टेक्स्ट’ केलं की १२ मार्चचं ४५७२८! (२०२५ साली टाकला असेल तर.) एक्सेल तारीख म्हणून १ जानेवारी १९००पासूनचे दिवस मोजतं. त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलाय, जुन्या लोटस १-२-३शी जुळवून घ्यायला.

गट नंबर, आधार, खाते क्रमांक यांची बेरीज कुणी करत नाही. हे तीन रकाने टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करा. आणि तयार यादीत सोळा अंकी खात्यांच्या शेवटी ओळीने शून्यंच दिसत असतील, तर पासबुकं पुन्हा मागवा.