मातीची तक्रार



कामगार चळवळीत वावरताना मी एक गोष्ट शिकलो. माणूस कामात मागे पडला, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या ताटात काय पडते ते पाहावे. झाडांनाही हाच न्याय लावला पाहिजे.

अंगणातल्या अनंताची किंवा एक्झोराची नवी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण खत घालतो, पाणी वाढवितो आणि शेवटी रोपे विकणाऱ्याला दोष देतो. पण पुष्कळदा ही लोहाची उपासमार असते. मातीत लोह नसते असे नव्हे. माती अल्कधर्मी असली म्हणजे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप!

मातीची ही प्रकृती ज्या मापाने मोजतात त्याला सामू म्हणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ साली ते प्रचारात आणले. ७ हा मध्य. खाली आम्ल, वर अल्क. एक अंक खाली उतरला की आम्लता दसपट होते. तेव्हा ६ आणि ७ यांतला फरक क्षुल्लक समजू नये.

बहुतेक फुलझाडे व भाज्या ६ ते ७ यांच्या दरम्यान सुखाने वाढतात. गुलाबाला साडेसहाच्या आसपास मानवते. अनंत व एक्झोरा यांना ५ ते ६ हवे. चहाला त्याहूनही आम्ल जमीन लागते. हायड्रेंजिया तर आम्ल जमिनीत निळा आणि अल्क जमिनीत गुलाबी फुलतो.

देशावरची काळी माती बहुधा अल्कधर्मी, चुनखडीची. कोकणात मुसळधार पावसाने चुना वाहून जातो, म्हणून जांभ्याची माती आम्ल. शहरात त्यात बांधकामाच्या चुना-सिमेंटची भर पडते.

घरगुती परीक्षा सोपी आहे. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे असे समजा. नेमका आकडा हवा असेल, तर माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा. अल्क मातीत कुजलेला पालापाचोळा व थोडे गंधक मिसळावे. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, पण त्याला महिने लागतात. तेवढा धीर धरावा. अति चुनखडीच्या जमिनीत मात्र हा उपाय तोकडा पडतो. तेथे अनंत कुंडीतच लावणे शहाणपणाचे. माती अति आम्ल असेल, तर चुना घालावा. पण तोही तपासणीनंतरच.

खताची पिशवी विकत घेण्यापूर्वी मातीची तक्रार ऐकून घ्या. पैसे वाचतील आणि झाडही जगेल.